मॉडेम, सिरीयल लाईन आणि युनिक्स ते युनिक्स डायल-अप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, कुठूनही फोन आला तरी प्रश्न साधारण हेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय. कमांड आणि फाईलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलीत, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची; &, +, / ही चिन्हं आहेत तशीच. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत, दुसऱ्या युनिक्सवर जिथं फरक पडतो तिथं सांगितलंय.

आता फायबर आणि मोबाईल असताना हे डायल-अप कशाला?

कारणं खरी आहेत. कुणाकडे जुनं एससीओ युनिक्सचं मशीन आहे ज्यात हिशेबाचा सगळा डेटा आहे आणि त्याला नेटवर्क कार्डच नाही, कुणाकडे लॅबमधलं यंत्र आहे जे फक्त सिरीयल पोर्टवरच बोलतं, आणि सत्तरी किंवा केप्याच्या आतल्या भागात एखादा राउटर बसवला असेल तर तो पडल्यावर आत शिरायला दुसरी वाट लागते, ती मॉडेमची (फोनलाईनवरून डेटा पाठवणाऱ्या यंत्राची) असू शकते.

शिवाय यूयूसीपी (एका युनिक्स मशीनवरून दुसऱ्यावर फाईल आणि मेल पाठवायची व्यवस्था) ही मुळात तुटक लाईनसाठीच बनवलेली गोष्ट आहे. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्कनं ती लिहिली आणि १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती बाहेर आली. काम रांगेत पडून राहतं, लाईन मिळाली की जातं, नाही मिळाली तर पुन्हा प्रयत्न होतो. आपल्याकडे अर्नेटची (शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कची) सुरुवातसुद्धा मुंबईत एनसीएसटी ही सॉफ्टवेअरची संस्था आणि आयआयटी यांच्यात डायल-अपवर यूयूसीपीनं मेल पाठवूनच झाली. ज्याला दोन मशीन एकमेकांशी कशी बोलतात हे मुळापासून समजून घ्यायचंय त्याला याच्यासारखा अभ्यास नाही असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कुठून करू? सगळं जोडलंय पण काहीच चालत नाही.

सगळं एकदम जोडलंत हीच अडचण आहे. मॉडेम, फोनलाईन, गेटी (लाईनवर लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम), यूयूसीपी असं सगळं एका दमात उभं केलं तर बिघाड नेमका कुठल्या थरात आहे ते कळायला मार्गच उरत नाही. वायरीपासून वर चढत जा. आधी दोन मशीन नल-मॉडेम केबलनं (मॉडेमशिवाय थेट जोडणाऱ्या केबलनं) जोडा आणि एकावर गेटी लावून दुसऱ्यावरून 'सीयू' (सिरीयल लाईनवर थेट बोलायची कमांड) नं लॉगिन करून बघा, ते झालं की मॉडेम लावा आणि 'सीयू' मधून एटी टाइप करून ओके येतं का बघा, मग हातानं नंबर फिरवा, मग पलीकडे गेटी, आणि हे सगळं चाललं की मगच यूयूसीपीच्या फाईलना हात लावा. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नका.

मॉडेम कुठला घेऊ?

बाहेर ठेवायचा, सिरीयल पोर्टचा, पुढं दिवे असलेला. ते दिवे म्हणजे अर्धं निदान: सीडी म्हणजे कॅरियर (पलीकडच्या मॉडेमचा सिग्नल) आहे, टीआर म्हणजे मशीननं डीटीआर ('मी तयार आहे' सांगणारी वायर) वर धरलाय, ओएच म्हणजे लाईन उचललीय. पीसीच्या आत बसणारी जी 'विनमॉडेम' कार्डं मिळायची ती घेऊ नका, त्यात मॉडेमचं बरंचसं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेलं असतं, युनिक्सला ती मॉडेम म्हणून दिसतच नाहीत.

यूएसबी मॉडेम बरेचदा चालतात, ते लिनक्समध्ये टीटीवायएसीएम० असे येतात. पण साधा सिरीयल मॉडेम यूएसबी कन्व्हर्टरवर लावणार असाल तर कन्व्हर्टरला सगळ्या नऊ पिना खरंच आहेत ना ते बघून घ्या, स्वस्तातल्या काहींत फक्त पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची अशा तीनच वायरी असतात आणि त्यावर पुढचं काहीच जमणार नाही.

नक्की कुठल्या वायरी लागतात?

नऊ पिनांच्या पोर्टवर: १ डीसीडी (कॅरियर आहे हे सांगणारी), २ डेटा येणारा, ३ डेटा जाणारा, ४ डीटीआर, ५ ग्राउंड, ६ डीएसआर, ७ आरटीएस, ८ सीटीएस, ९ रिंग. मॉडेमची केबल सरळ असते, म्हणजे एकेक सिग्नल त्याच सिग्नलला. मॉडेमच्या बाजूला २५ पिनांचा सॉकेट असेल तर आकडे वेगळे (तिथं डीसीडी ८ वर, डीटीआर २० वर), म्हणून तयार केबल घेतलेली बरी.

नल-मॉडेममध्ये २ आणि ३ ची अदलाबदल, ७ आणि ८ ची अदलाबदल, ५ ला ५, आणि एका बाजूचा ४ दुसऱ्या बाजूच्या ६ आणि १ दोघांना. हे शेवटचं बरेच जण सोडून देतात आणि मग गेटी पोर्ट उघडायलाच तयार होत नाही, कारण त्याला कॅरियर दिसत नाही.

पोर्टची नावं किती प्रकारची आहेत! कुठलं वापरू?

लिनक्सवर /डेव्ह/टीटीवायएस० म्हणजे पहिला पोर्ट, बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या दोन्ही कॉलसाठी तेच. जुन्या लिनक्सवर बाहेरच्या कॉलसाठी सीयूए० असायचं, ते कर्नल २.२ पासून वापरू नका असं ठरलं. फ्रीबीएसडीवर मात्र अजून दोन नावं आहेत, बाहेर जायला सीयूएयू० आणि आत यायला टीटीवाययू०. सोलारिसवर /डेव्ह/सीयूए/ए आणि /डेव्ह/टर्म/ए. एससीओवर टीटीवाय१ नंतर लहान ए लावला तर मॉडेमचे सिग्नल बघितले जात नाहीत, मोठा ए लावला तर बघितले जातात, म्हणून मॉडेमला मोठा.

एक गोष्ट सगळीकडे लागू: एका पोर्टला सगळ्या प्रोग्रॅममधून एकाच नावानं हाक मारा. पोर्ट कुणीतरी वापरतोय हे /व्हार/लॉक मधल्या एलसीके फाईलवरून कळतं आणि त्या फाईलच्या नावात डिव्हाइसचं नाव असतं. एका प्रोग्रॅममध्ये /डेव्ह/मॉडेम अशी लिंक आणि दुसऱ्यात टीटीवायएस० लिहिलं की दोघांची कुलुपं वेगवेगळी पडतात आणि यूयूसीपीचा कॉल चालू असताना मिनिकॉम (हातानं मॉडेम चालवायचा प्रोग्रॅम) बिनधास्त मध्ये घुसतो.

पोर्टचा स्पीड किती ठेवू? मॉडेम १४,४०० चा आहे म्हणून १४,४०० ठेवला तर?

नको. इथं दोन वेगळे स्पीड आहेत, मशीन ते मॉडेम एक आणि मॉडेम ते मॉडेम दुसरा. पहिला कायमचा बांधून ठेवायचा, दुसरा लाईन ठरवेल. मॉडेम व्ही.४२बिस नं डेटा दाबून पाठवतो, साधा मजकूर असेल तर जास्तीत जास्त चौपट, त्यामुळे मशीननं त्याला लाईनपेक्षा जास्त वेगानं खायला घालायला हवं. १४,४०० च्या मॉडेमला ५७,६००, २८,८०० किंवा ३३,६०० च्या मॉडेमला १,१५,२००.

सिरीयलवर एका अक्षरामागं आठ बिट आणि वर सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दहा बिट जातात, म्हणजे १,१५,२०० ला सेकंदाला ११,५२० अक्षरं. आता पीसी जुना असेल तर त्याची सिरीयल पोर्ट चालवणारी यूएआर्ट चिप बघा. ८२५० किंवा १६४५० असेल तर तिच्यात एकाच अक्षराची जागा, प्रत्येक अक्षराला इंटरप्ट (म्हणजे हातातलं काम थांबवून मशीननं तिकडे बघायचं), डिस्क जरा कामात गुंतली की अक्षरं गळतात. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांचा बफर आहे. 'सेटसिरीयल' ही कमांड कुठली चिप आहे ते सांगते. जुना प्रोग्रॅम ३८,४०० च्या वर मागूच शकत नसेल तर सेटसिरीयलला एसपीडी_व्हीएचआय द्या, मग तो ३८,४०० मागतो आणि त्याला १,१५,२०० मिळतो.

फ्लो कंट्रोल म्हणजे काय आणि कुठलं लावू?

चोडणच्या फेरीवर चढताना रॅम्पवरचा माणूस हात वर करून गाड्या थांबवतो ना, जागा झाली की पुढच्या घेतो, तेच काम मॉडेम सीटीएसच्या वायरनं करतो. मशीन वेगानं देतंय आणि लाईन हळू आहे, मॉडेमचा बफर भरला की तो सीटीएस खाली आणतो आणि मशीननं थांबायचं. हे हार्डवेअर फ्लो कंट्रोल, एसटीटीवायमध्ये (पोर्टची सेटिंग करायच्या कमांडमध्ये) सीआरटीएससीटीएस, आणि हेच लावायचं, मशीनवर पण आणि मॉडेमवर पण. एकाच बाजूला लावलंत तर उपयोग नाही.

दुसरा प्रकार एक्सऑन-एक्सऑफ, त्यात थांब आणि चल ही दोन अक्षरं डेटामधूनच जातात. यूयूसीपीचा 'जी' प्रोटोकॉल (फाईल पाठवायची एक पद्धत) आठही बिट वापरतो, त्याच्या डेटात ती दोन अक्षरं येणारच, मॉडेम ती खाऊन टाकणार आणि ट्रान्सफर अडकणार. लहान फाईल जातात पण मोठी अडकते अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

मॉडेमला नक्की कुठल्या एटी कमांड द्यायच्या?

एटी कमांड १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासून चालत आल्यात, पण & च्या पुढच्या कमांड कंपनीगणिक बदलतात, म्हणून मॉडेमचं मॅन्युअल जपून ठेवा. सगळीकडे लागणाऱ्या या:

एटी&एफ नं कारखान्यातली सेटिंग परत येते. &सी१ म्हणजे डीसीडी खरा सांग, कॅरियर असेल तेव्हाच वर. &डी२ म्हणजे मशीननं डीटीआर सोडला की फोन ठेव. हार्डवेअर फ्लो कंट्रोलसाठी रॉकवेलच्या चिपवाल्यांना &के३, यूएस रोबोटिक्सला &एच१ आणि &आर२ (त्यांच्यात &एफ१ दिलं की हे दोन्ही लागतंच). एस०=० म्हणजे आपण होऊन फोन उचलू नकोस. एस७=९० म्हणजे कॅरियरची ९० सेकंद वाट बघ, लांबच्या कॉलला डीफॉल्ट वेळ कमी पडू शकते. शेवटी &डब्ल्यू, म्हणजे हे सगळं आतल्या मेमरीत लिहून ठेव, वीज गेली तरी राहील. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते बघता &डब्ल्यू विसरू नका.

यातल्या &सी१ आणि &डी२ वर सगळा खेळ उभा आहे. पलीकडच्यानं फोन ठेवला हे मशीनला डीसीडीवरूनच कळतं, आणि मशीनचं काम संपलं हे मॉडेमला डीटीआरवरूनच कळतं. काही मॉडेम कारखान्यातून &सी० घेऊन येतात, म्हणजे डीसीडी सदा वर. मग काय होतं, एखाद्यानं लॉगिन केलं, मध्येच लाईन तुटली, मशीनला पत्ताच नाही, त्याचं लॉगिन तसंच उघडं, आणि पुढचा जो कुणी फोन करेल तो थेट त्या माणसाच्या शेलमध्ये (जिथं कमांड टाइप करतात तिथं) जाऊन बसेल. त्यामुळे हे दोन तपासल्याशिवाय लाईन लोकांसाठी उघडू नका.

मशीनच्या बाजूनं एसटीटीवायमध्ये एचयूपीसीएल चालू आणि सी-लोकल बंद. पहिल्यानं पोर्ट बंद झाला की डीटीआर खाली जातो, दुसऱ्यानं कॅरियर गेला की लॉगिन संपतं.

'नो डायलटोन' येतं, पण फोन उचलला तर टोन ऐकू येतो.

एटीएक्स३ द्या, म्हणजे टोनची वाट न बघता नंबर फिरवेल, बिझी मात्र ओळखेल. मॉडेम परदेशातला असेल तर आपल्या एक्सचेंजचा टोन त्याला ओळखता येत नाही असं बरेचदा होतं. ऑफिसच्या ईपीएबीएक्समागून करत असाल तर आतला टोन वेगळाच असतो, तिथं एक्स३ नंतर डीटी, मग शून्य, स्वल्पविराम आणि मग नंबर. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंद थांबणं, बाहेरची लाईन मिळायला उशीर लागत असेल तर दोन द्या.

गेटी लावला की मॉडेमचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि लॉगमध्ये 'रिस्पॉनिंग टू फास्ट' येतं.

साधा गेटी आणि मॉडेम एकमेकांशी भांडतायत. गेटीनं 'लॉगिन' असं पाठवलं, फोन आलेलाच नाही, मॉडेम कमांडच्या अवस्थेत आहे, त्यानं आलेलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं परत फेकलं. गेटीला वाटलं कुणीतरी नाव टाइप केलं, त्यानं पासवर्ड विचारला, तोही परत आला, लॉगिन चुकलं, नवीन गेटी सुरू, पुन्हा तेच.

यावर जुना उपाय म्हणजे ई० नं इको बंद आणि क्यू१ नं मॉडेमची उत्तरं बंद, आणि डीसीडी खरा. पण मग बाहेर कॉल करताना ओके आणि कनेक्ट ही उत्तरं हवीत, म्हणून डायलरच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच क्यू० द्यावं लागतं. चालतं हे, पण नाजूक आहे.

माझा सल्ला सरळ आहे, एमगेटी घ्या. गर्ट डोरिंगनं लिहिलेला हा प्रोग्रॅम मॉडेम म्हणजे काय हे जाणतो: स्वतः मॉडेमला सेट करतो, गप्प बसून 'रिंग' शब्दाची वाट बघतो, रिंग आली की एटीए देऊन फोन उचलतो आणि कनेक्ट झाल्यावरच लॉगिन विचारतो. मध्येच यूयूसीपीनं बाहेर कॉल केला तर लॉक फाईल बघून बाजूला होतो आणि कॉल संपल्यावर मॉडेम पुन्हा सेट करतो. इनिटटॅबमध्ये (मशीन सुरू झाल्यावर काय चालवायचं त्या फाईलमध्ये) एक रिस्पॉन ओळ पुरते, त्याजागी सिस्टिमडी असेल तर छोटी सर्व्हिस फाईल लिहावी लागते. म्हणूनच वर एस०=० सांगितलं, फोन एमगेटी उचलणार, मॉडेमनं आपल्या मनानं उचलायचा नाही.

लॉगिनच्या जागी कचरा अक्षरं येतात.

दोन शक्यता. लाईनवर आवाज असेल तर व्ही.४२ ची चूक-दुरुस्ती चालू आहे का बघा, ती असेल तर कचरा येऊच नये. दुसरी जास्त वेळा सापडते: मॉडेमला मशीन कुठल्या स्पीडनं बोलतंय हे शेवटच्या एटी कमांडवरून कळतं आणि तो तेच धरून बसतो. तुम्ही सकाळी सीयू नं ९,६०० वर काहीतरी करून बघितलं, गेटी बसलाय ३८,४०० वर, संध्याकाळी फोन आला, मॉडेम अजून ९,६०० नंच बोलतोय. सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच स्पीड ठेवा की हा प्रश्न मिटला.

यूयूसीपीच्या फाईलमध्ये काय काय लिहायचं?

टेलर यूयूसीपी ही आवृत्ती धरून सांगतो, /ईटीसी/यूयूसीपी मध्ये फाईली असतात. 'कॉन्फिग' मध्ये आपल्या मशीनचं नाव. 'पोर्ट' मध्ये डिव्हाइस, स्पीड, प्रकार मॉडेम आणि डायलरचं नाव. 'डायल' मध्ये मॉडेमशी संवाद: एटीझेड पाठव, ओके ची वाट बघ, एटीडीटी आणि नंबर पाठव, कनेक्ट ची वाट बघ, बिझी किंवा नो कॅरियर आलं तर सोडून दे. 'सिस' मध्ये पलीकडच्या मशीनचं नाव, फोन नंबर, कधी कॉल करायचा आणि लॉगिनचा संवाद. 'कॉल' मध्ये नाव-पासवर्ड, आणि ही फाईल यूयूसीपीच्या युजरशिवाय कुणाला वाचता येता कामा नये.

जुन्या हनीडॅनबर प्रकारात याच गोष्टी सिस्टिम्स, डिव्हायसेस, डायलर्स आणि परमिशन्स या फाईलींत असतात, मांडणी वेगळी, अर्थ तोच.

लॉगिनच्या संवादात शब्दाचं पहिलं अक्षर मुद्दाम गाळतात, म्हणजे 'लॉगिन' च्या जागी 'ओगिन' ची वाट बघायची, कारण काही मशीन मोठा एल छापतात काही लहान, आणि कनेक्ट होताना पहिलं अक्षर हरवायचीही भीती असते.

प्रोटोकॉल दोन्हीकडे टेलर असेल तर 'आय' घ्या, तो दोन्ही दिशांनी एकाच वेळी फाईल पाठवतो. पलीकडे जुनं युनिक्स असेल तर 'जी', तो सगळ्यांकडे असतो.

कॉल लागतच नाही, 'रिट्राय टाइम नॉट रीच्ड' म्हणतं.

एकदा कॉल फसला की यूयूसीपी काही वेळ त्या मशीनला पुन्हा फोन करत नाही, ते चांगलंच आहे. तपासणी करताना यूयूसीआयसीओला (यूयूसीपीचा जो प्रोग्रॅम प्रत्यक्ष कॉल करतो त्याला) मोठा एस देऊन कॉल करा, तो ती वाट बघत नाही, आणि जोडीला -एक्स ऑल द्या. मग डीबगच्या फाईलमध्ये मॉडेमला काय पाठवलं, काय आलं, लॉगिनला कुठं थांबलं हे अक्षरन् अक्षर दिसतं. ती फाईल शांतपणे वाचा, बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं.

मॉडेमवर ५६के लिहिलंय, पण ३३,६०० च्या वर जातच नाही.

जाणारच नाही. व्ही.९० चा ५६के फक्त तेव्हाच मिळतो जेव्हा पलीकडचं टोक एक्सचेंजला थेट डिजिटल जोडलेलं असतं, जसं इंटरनेट कंपन्यांचं असायचं. दोन घरगुती मॉडेम एकमेकांना फोन करतात तेव्हा कमाल ३३,६००. खांबावरची लाईन जुनी असेल तर २८,८०० किंवा त्याखाली मिळाला तरी समाधान माना, स्थिर लाईन महत्त्वाची.

आमच्याकडे तांब्याची लाईन काढून फायबर दिलं, आता कनेक्शन मध्येच तुटतं.

फायबरच्या डब्याला जो फोन जोडतो त्याचा आवाज पाकिटांमधून जातो. आवाज दाबणारा कोडेक (जी.७२९ सारखा) असेल तर मॉडेमचा सिग्नल पार बिघडतो, जी.७११ असेल तर निदान आशा आहे. पाकिटं उशिरा पोचली की मॉडेम पुन्हा जुळवाजुळव करत बसतो. उपाय म्हणजे वेग बांधून ठेवा, ९,६०० वर: यूएस रोबोटिक्सवर &एन६, बाकी बऱ्याच मॉडेमवर एटी+एमएस ची कमांड असते. दोन्ही टोकं फायबरवर असतील तर खरं सांगायचं तर टिकाऊ होईलच असं नाही. ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाईन आहे त्यांनी ती सांभाळा.

पावसात काय काळजी घ्यायची?

मे महिन्यात पहिला गडगडाट सुरू झाला की फोनची वायर मॉडेममधून काढा, फक्त वीज बंद करून भागत नाही, कारण बहुतेक धक्का फोनलाईनमधून येतो. कायम चालू ठेवायचा असेल तर लाईनवर गॅस ट्यूबवाला प्रोटेक्टर लावा आणि त्याला खरं अर्थिंग द्या. वास्को, दोनापावलसारख्या समुद्राजवळच्या जागी खारट हवेनं सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, लाईनवर खरखर येते, स्पीड हळूहळू उतरत जातो. पावसाळ्याआधी आणि चवथीनंतर एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसून घ्या.

लाईन उघडी ठेवली तर कुणीही आत येईल का?

फोन नंबर गुप्त राहील यावर विसंबू नका, ओळीनं नंबर फिरवून मॉडेम शोधणारे प्रोग्रॅम फार जुने आहेत. प्रत्येक पलीकडच्या मशीनला वेगळं लॉगिन द्या आणि त्याचा शेल यूयूसीआयसीओ ठेवा, साधा शेल नको. 'सिस' फाईलमध्ये कॉल्ड-लॉगिन लिहिलं की एका मशीनचं लॉगिन वापरून दुसऱ्याचं नाव सांगता येत नाही. आणि पलीकडचा कुठल्या डिरेक्टरीत वाचू-लिहू शकतो ते स्वतः ठरवून लिहा.

मग यूयूसीपी करू की पीपीपी?

मशीनवर बसून काम करायचं असेल, एसएसएच वगैरे, तर पीपीपी (फोनलाईनवर नेटवर्क जोडणी देणारी पद्धत), आणि एमगेटीला ऑटोपीपीपीची ओळ दिली की एकाच लाईनवर दोन्ही चालतात, कोण आलंय ते तो स्वतः ओळखतो. रात्री मेल आणि फाईलींचा गठ्ठा पाठवायचा असेल तर यूयूसीपी. पेडण्याहून काणकोणला रोज रात्री एकदा बॅकअप पाठवायचाय अशा कामाला मी यूयूसीपीच लावीन, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक ओळ लिहायची, लाईन मध्येच गेली तर राहिलेलं काम रांगेत तसंच असतं आणि पुढच्या कॉलला जातं.